राखीव फ्रिक्वेन्सीवरचं घर

१

निरीक्षकाचं काम कोणालाही पटकन समजत नसे. लग्नात सासऱ्यांनी पाहुण्यांना सांगून टाकलं होतं, "जावई रेडिओत आहेत." तेव्हापासून निम्मे नातेवाईक भेटले की त्याला आवडीची गाणी लावायला सांगत. सुरुवातीला तो समजावून सांगायचा. खिडकीतलं ऊन, शेगडीची धग, रिमोटच्या टोकाचा न दिसणारा उजेड, हाडांचा फोटो काढणारे किरण आणि फोन, टीव्ही, विमानं यांचं बोलणं ही सगळी एकाच घराण्यातली सख्खी भावंडं. फरक काय तो पावलाचा. कोणी मुंगीच्या पावलानं चालतं, कोणी हत्तीच्या. लांब पावलांची भावंडं एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत ना, एवढं बघणं हे आमच्या खात्याचं काम. पाहुणे मान डोलवायचे आणि मग गाण्याचं विचारायचे. पुढे त्यानं समजावणं सोडून दिलं.

तसं त्यानं घरी बोलणंही जवळजवळ सोडलंच होतं. दिवसभर कानाला हेडफोन. कुठे टॅक्सीवाल्यांचं बोलणं रुग्णवाहिकेच्या चॅनेलवर सांडतंय, कुठे एखाद्या कारखान्याचं यंत्र अर्ध्या शहराच्या टीव्हीवर मुंग्या आणतंय. पाचला काम संपलं की कान मिटायचे. बायको म्हणायची, "छत्रीसारखे कान ऑफिसात टांगून येतोस." तो म्हणायचा, "हं."

त्या मंगळवारी सव्वाअकराला विमानतळाच्या टॉवरवरून फोन आला. टॉवरवरच्या बाईंना तो आठ वर्षं नुसत्या आवाजानं ओळखत होता. त्या कधी थट्टा करत नसत.

"आमच्या राखीव फ्रिक्वेन्सीवर कोणीतरी बटाटे सोलतंय," त्या म्हणाल्या.

"बटाटेच कशावरून?"

"मीही रोज सोलते. सुरी, नळ, मग भांड्यात पडल्याचा आवाज. कालही होता, शनिवारीही होता. अकराला सुरू होतो, एकला बंद."

"कोणाचा तरी माइक चालू राहिला असेल."

"असेल. पण मुख्य चॅनेल बंद पडलं तर आम्ही याच्यावर येतो. विमान उतरताना वैमानिकानं सांगितलेला एक आकडा नळाच्या आवाजाखाली गेला, तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. आज जमेल का?"

त्यानं गाडी मागवली.

२

गाडी म्हणजे टपावर फिरता अँटेना असलेली पांढरी व्हॅन. ती चालवणारे काका निवृत्तीला आले होते आणि त्यांना गप्प बसवत नसे. पद्धत सोपी होती. एका ठिकाणी उभं राहायचं, आवाज कुठून येतो ती दिशा घ्यायची, नकाशावर रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी, मग तिसऱ्या. तीन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे चोर.

पहिली रेघ त्यांनी धावपट्टीच्या कुंपणापासून घेतली, दुसरी पुलावरून. हेडफोनमध्ये एक स्वयंपाकघर होतं. चांगलं मोठं असावं, कारण आवाजाला जरा पोकळी होती. नळ, पाटावर सुरी, खुर्ची सरकवल्याचा आवाज. दोन्ही वेळा कोणी बोलत नव्हतं.

"काय शिजतंय, साहेब?" काकांनी विचारलं.

"बटाटेच आहेत."

"मग पत्ता लवकर शोधा. गरम असेपर्यंत पोचू."

तिसरी रेघ पाण्याच्या टाकीच्या टेकाडावरून मारली. तीन रेघांचा एक त्रिकोण झाला. त्रिकोणात नदीपलीकडची जुनी कर्मचारी वसाहत येत होती.

"ही तर तुमची वसाहत," काका म्हणाले.

"बाराशे घरं आहेत तिथे."

तेवढ्यात हेडफोनमध्ये कोणीतरी ड्रॉवर उघडला. आधी 'खट्' असा वर उचलल्याचा आवाज, मग 'घर्र', आणि शेवटी चमच्यांची खळखळ. निरीक्षकाचा हात पेन्सिलीवर थांबला. त्यांच्या घरचा ड्रॉवर असाच उघडायचा. आधी उचलावा लागे, मग ओढावा लागे. दोन वर्षं तो दुरुस्त करतो म्हणत होता.

त्यानं स्वतःला समजावलं. सगळ्या वसाहतीचे ओटे एकाच सुतारानं केलेत. दमट हवेत सगळेच फुगले असणार.

एक वाजता आवाज बंद झाला. विरत गेला नाही, एकदम तुटला.

३

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं पहिल्यांदा कपाटाचा वरचा कप्पा उघडला. मुलगी तान्ही असताना तिच्या पाळण्याशी ठेवायचं एक यंत्र त्यांनी घेतलं होतं. रडली की दुसऱ्या खोलीत ऐकू यायचं. असली यंत्रं कधी कधी भलत्याच फ्रिक्वेन्सीवर घसरतात. यंत्र चिंध्यांखाली होतं. बॅटऱ्या काढलेल्या, खाच गंजलेली. मुलगी, जिला घरात सगळे पिल्लू म्हणत, आता पाच वर्षांची होती.

"काय शोधतोयस?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

बायको सकाळच्या शाळेत शिकवायची आणि साडेदहाला पिल्लूला घेऊन घरी यायची. आज ती खुशीत दिसत होती. गेले काही दिवस तशीच होती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. जेवताना ताटात बटाट्याची भाजी आली.

"सालं पातळ काढलीत बघ," ती म्हणाली. "दुपारी म्हणालास ना, तशी."

त्याचा घास तोंडाशी थांबला. दुपारी त्यानं फोन केला नव्हता. तो घरी कधीच फोन करत नसे. विचारावं असं त्याला वाटलं. पण विचारलं की बोलणं वाढतं, आणि कान दमलेले होते.

"हं," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वाईट वाटल्यासारखं नाही, समजून घेतल्यासारखं. मग उठून ताटं उचलायला लागली.

४

बुधवारी पावणेअकराला त्यानं व्हॅन वसाहतीच्या फाटकाबाहेर, डेरेदार झाडाखाली उभी करायला लावली. इथून आवाज टॉवरपेक्षा कितीतरी स्वच्छ यायला हवा होता, आणि तसा तो आलाही. अकराला एक मिनिट कमी असताना नुसती खरखर होती. अकराला दार उघडल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग खुर्चीचा.

"बस. मी एवढं चिरून घेते," बाई म्हणाली.

ती त्याची बायको होती. शंकेला जागाच नव्हती. 'घेते' म्हणताना शेवटी आवाज जरा वर नेण्याची तिची लकब तो दहा वर्षं ऐकत होता. निदान कानावर पडत होती.

मग एक पुरुष बोलला. "कालचं अर्धंच राहिलं. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या मग?"

निरीक्षकानं आवाज वाढवला. आवाज ओळखीचा नव्हता. जरा घोगरा, संथ. घाई नसलेल्या माणसाचा. बायको शाळेतलं सांगायला लागली, आणि तो माणूस मध्येच "अगं पण तू गप्प कशाला राहिलीस?" असं विचारत होता. बरोबर जिथे विचारायला हवं तिथेच. ती हसली. हे हसणं त्यानं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.

म्हणजे असं आहे तर, तो मनाशी म्हणाला. अकराला कोणीतरी येतं, एकला जातं. ही गोष्ट जगात शेकडो घरांत घडते. त्या क्षणी त्याला दुःख झालं, राग आला, आणि खोल कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. कारण या गोष्टीला निदान नाव होतं.

"काय हो, साहेब? चेहरा का उतरला?" काकांनी मागे वळून विचारलं आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग हसले. "हे कधी रेकॉर्ड केलंत?"

"कोणी?"

"तुम्ही. वहिनी आहेत ना या? आणि हे तुम्ही."

"हा माझा आवाज नाही, काका."

"आपला आवाज आपल्याला कधी कळतो? लेकीनं मला माझा फोनवर ऐकवला, तेव्हा मी विचारलं होतं, हा म्हातारा कोण? तुमचाच आहे, साहेब. रोज ऐकतो मी. फक्त..."

"फक्त काय?"

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ते आता हसत नव्हते. "फक्त, एवढं बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलेलं नाही."

५

रेकॉर्डिंग असणार. निरीक्षकाला पहिल्यांदा हेच सुचलं, आणि ते तपासणंही सोपं होतं. त्यानं खिशातून फोन काढून घरी लावला.

हेडफोनमध्ये, स्वयंपाकघरात, फोन वाजला.

सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत ती येत असेल, असं त्याला वाटलं. चौथ्या घंटेला तिनं फोन उचलला. "हॅलो?" हा शब्द त्याला दोनदा ऐकू आला, एकदा फोनमधून, एकदा हेडफोनमधून.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "ऐक. तुझ्यासमोर कोण बसलंय?"

"हॅलो? कोण आहे?"

"मीच. मी फाटकाबाहेर आहे."

"कोणी बोलतच नाही," बायको म्हणाली. फोनमध्ये नाही, खोलीत कोणाला तरी. "नुसती खरखर येतेय."

"राहू दे," तो घोगरा आवाज म्हणाला. "ठेव. आपलं अर्धं राहिलंय."

फोन बंद झाला. सुरी पुन्हा पाटावर चालायला लागली.

काकांनी न सांगताच गाडी सुरू केली.

६

तीन जिने तो दोन-दोन पायऱ्या घेत चढला. गळ्यात हेडफोन, हातात छोटा रिसीव्हर. आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत होता. स्वतःच्या दारासमोर पोचताच तो एकदम तुटला.

दार बायकोनंच उघडलं. "काय विसरलास?"

"काय?"

"आत्ता तर गेलास. जिन्यावरूनच परत आलास ना?"

तो तिला बाजूला सारून आत गेला. टेबलावर दोन कप होते. खुर्ची ओढलेली होती. तिच्या बैठकीवर त्यानं हात ठेवला, ती कोमट होती. त्यानं पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, गॅलरीचं दार ओढून पाहिलं. कपाटांवरून, दिव्यांवरून, नळाच्या पाइपवरून रिसीव्हर फिरवला. गंजलेला सांधाही कधी कधी अँटेनासारखा वागतो. एकदा एका घराचं पत्र्याचं छप्परच बोलत होतं. पण रिसीव्हर मुका होता. ज्या खोलीतून आवाज निघत होता, त्या खोलीत आवाजच नव्हता.

पिल्लू दारात उभी राहून बघत होती.

"दुपारी घरी कोण येतं?" त्यानं विचारलं.

"तू," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. असं काय करतोस?" आता तिच्या आवाजातली खुशी ओसरायला लागली. "तूच म्हणालास, अकरा ते एक मोकळा असतो, घरी येत जाईन. बसतोस, ऐकतोस. मला वाटलं, देवानं माझं ऐकलं एकदाचं."

"मी तीन आठवडे दुपारी ऑफिसात आहे. काकांना विचार."

"आणि संध्याकाळी याबद्दल बोलायचं नाही, असंही तूच सांगितलंस. म्हणालास, संध्याकाळी मी दमलेला असतो, तेव्हा मला काही विचारू नकोस. मी एकदाही विचारलं नाही." त्याच्या चेहऱ्याकडे बघत ती हळूहळू मागे सरली, पाठ ओट्याला टेकेपर्यंत. "असं बघू नकोस माझ्याकडे. मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय."

"मला आत्ता वाटतेय," ती म्हणाली. "दुपारी नाही वाटत."

७

त्यानं रजा टाकली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस अकरा ते एक तो त्याच खुर्चीत बसून राहिला. कोणी आलं नाही. शुक्रवारी टॉवरच्या बाईंनी फोन करून आभार मानले. फ्रिक्वेन्सी स्वच्छ झाली होती. कारण काय निघालं, असं त्यांनी विचारलं. शोध चालू आहे, एवढंच तो म्हणाला.

पण बसून करायचं काय? बायको समोर चिरत होती. तिला विचारावं म्हणून तो शब्द जुळवत होता, आणि जुळलेला प्रत्येक शब्द उसना वाटत होता. "मुख्याध्यापिका काय म्हणाल्या?" असं त्यानं शेवटी विचारलं.

"ते सांगून झालं माझं," ती म्हणाली. मग सुरी थांबवून म्हणाली, "तुला नव्हतं सांगितलं, नाही का?"

ड्रॉवर त्यानं दुरुस्त केला. त्यानंतर दोनदा तिनं तो सवयीनं वर उचलला आणि चमचे जमिनीवर सांडले.

त्यानं मनाशी सगळी कारणं पुन्हा पुन्हा मांडली. लहर वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येते, उशिरानं येते, हे खरं. पण आपण कधी बोललोच नाही, तर उशिरानं येणार काय? बायको आणि तो माणूस मिळून आपली चेष्टा करतायत म्हणावं, तर काकांनी आवाज आपलाच म्हणून ओळखला होता. आपलंच डोकं फिरलंय म्हणावं, तर टॉवरच्या बाईंना बटाटे कसे ऐकू आले? प्रत्येक कारणाला एक साक्षीदार आडवा येत होता.

रविवारी पिल्लूनं चित्र काढलं. घर, झाड, आई, ती स्वतः आणि दोन बाबा.

"हे दोन कोण?"

"हा दुपारचा बाबा," ती बोट ठेवत म्हणाली. "आणि हा तू. संध्याकाळचा."

"दोघं सारखेच दिसतात?"

तिनं विचार केला. "दुपारच्याच्या आत कोणीतरी असतं."

पोरांच्या बोलण्याला काही धरबंध नसतो, असं तो स्वतःशी दोनदा म्हणाला.

सोमवारी त्याला कामावर जाणं भाग होतं. बायको शाळेला निघण्याआधीच बूट घालून त्यानं तिचे दोन्ही हात धरले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. "आज सुट्टी घे. पिल्लूलाही पाठवू नकोस. आतून कडी लाव. मी पाचला येईन. त्याआधी कोणीही आलं, अगदी मी आलो, माझा आवाज आला, तरी उघडायचं नाही."

"आणि पाचला जो येईल तो तूच, हे मी कसं ओळखू?"

तो म्हणाला, "पाचला येईल तोच मी."

तिनं मान हलवली. तो जिना उतरायला लागल्यावर कडी सरकल्याचा आवाज त्यानं ऐकला, आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.

८

अकराला टॉवरच्या बाईंचा फोन आला. "पुन्हा सुरू झालंय."

त्यानं हेडफोन लावला. दार उघडल्याचा आवाज आज नव्हताच. तो आधीच आत येऊन बसला होता. कप, चमचा, पिल्लूचं हसणं. घोगरा आवाज तिला सांगत होता की ऊन आणि रेडिओच्या लहरी ही सख्खी भावंडं, फक्त त्यांची पावलं वेगळी. पिल्लू एकामागून एक प्रश्न विचारत होती आणि तो एकाही प्रश्नाला कंटाळत नव्हता.

काकांनी गाडी वसाहतीकडे पिटाळली. वसाहतीत गाडी थांबल्यावर म्हणाले, "मी वर येऊ?"

"नको. इथेच थांबा."

आज दारापाशी पोचल्यावरही आवाज तुटला नाही. त्यानं किल्ली फिरवली. किल्ली फिरली, पण आतली कडी लागलेली होती. त्यानं घंटा वाजवली. ती दाराच्या आत वाजली आणि हेडफोनमध्येही वाजली.

"कोण असेल?" बायको म्हणाली.

"कोणी का असेना," त्याचा आवाज म्हणाला. "सकाळी काय ठरलंय? पाचच्या आधी मी जरी आलो तरी उघडायचं नाही."

निरीक्षकानं दारावर दोन्ही तळवे आपटले. तिला नावानं हाक मारली. आपण कोण ते सांगितलं. आपल्या दोघांनाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगावं म्हणून तो आठवायला लागला. पहिल्या भाड्याच्या खोलीतलं, पिल्लूच्या जन्माच्या वेळचं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या सगळ्या आठवणींत तीच बोलतेय आणि आपण "हं" म्हणतोय.

"दारात किती खरखर येतेय," आत बायको म्हणाली.

"वायरिंगचं असेल. मी बघतो नंतर."

तो गुडघ्यांवर बसला आणि गाल फरशीला टेकवून दाराखालच्या फटीतून पाहिलं. आतल्या फरशीवर दुपारचा उजेड पडला होता. पिल्लूची दोन अनवाणी पावलं दारापाशी आली होती. तिच्या मागे, जरा अंतरावर, त्याच्या स्वतःच्या घरातल्या चपला होत्या. चपलांत कोणीतरी उभं होतं, कारण त्या फरशीवर दाबल्या गेल्या होत्या. घोटे दिसायला हवे होते. घोट्यांच्या जागी फक्त उजेड हलत होता, उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलते तसा.

चपला फटीच्या दिशेनं वळल्या. तो झटकन मागे सरला.

मग तो जिन्यावर बसला. दुसरं काय करणार? पाचला उघडेल, असं त्यानंच सांगितलं होतं. बाराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उतरले. "किल्ली विसरलात वाटतं?" असं म्हणाले आणि हसून गेले. तीनला त्यांची बायको पिशव्या घेऊन वर आली. ती त्याच्याकडे न पाहता भिंतीकडून गेली. चारला दोन पोरं धावत खाली आली आणि त्याच्या मांडीला पाय लागूनही थांबली नाहीत. एक वाजून गेला होता, पण आज हेडफोनमधला आवाज बंद झाला नव्हता.

पाचला पाच कमी असताना आत खुर्ची सरकली. "आता येईल तो," बायको म्हणाली. समोरची खुर्ची रिकामी झाली असावी.

पाच वाजले. कडी सरकली आणि दार सताड उघडलं. बायको उंबऱ्यात उभी होती. चेहरा दिवसभर चांगली सोबत मिळालेल्या माणसासारखा ताजा होता.

"आलास? ये," ती म्हणाली आणि वाट द्यायला बाजूला झाली.

पाच तास बसून त्याचे पाय आखडले होते. कठडा धरून तो उठायला लागला. तो अजून पायरीवरच होता, तेव्हा हेडफोनमध्ये बूट काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. मग त्याचा आवाज म्हणाला, "दमलो आज."

निरीक्षकाचे ओठ मिटलेले होते.

बायकोची नजर त्याच्या खांद्याजवळून निघाली आणि कोणीतरी आत जात असावं तशी हळूहळू वळत खुर्चीपर्यंत गेली. "बस," ती मायेनं म्हणाली. "चहा ठेवते. सांग, कसा गेला दिवस?"

मग पिल्लू दारापाशी आली. तिनं जिन्याकडे पाहिलं. नको असलेला आवाज यावा तशा तिच्या भुवया आकसल्या. दोन्ही हात लावून तिनं दार ढकललं, आणि टाचा उंचावून कडी सरकवली.

खाली काकांनी एकदा हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा वाजवला, मग गाडी सुरू झाली आणि गेली. निरीक्षक दारासमोर उभा राहिला. आत चहा उकळत होता, तो आपल्या दिवसाबद्दल सांगत होता, त्या दोघी हसत होत्या, आणि हेडफोनमध्ये सगळं इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की कितीतरी वेळ त्याला तो कानावरून काढवेना.